पेटीवाला डॉक्टर

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसच्या मोठ्या इस्पितळांतून एक गृहस्थ जवळजवळ रोज सकाळी फिरताना दिसत असे. रुंद खांद्यांचा, बोलण्यात समुद्रकाठच्या गावाचा हेल असलेला, हातात एक पेटी. त्या इस्पितळांच्या नोकरीत तो नव्हता आणि विद्यापीठात शिकवतही नव्हता. वॉर्डात शिरायचा, एखाद्या लुळ्या पडलेल्या हातापाशी थांबायचा, पेटी उघडायचा आणि विचारपूस सुरू करायचा. दुखणं कधी सुरू झालं, आधी कुठला पाय गेला, घरात आणखी कुणाला असं झालं होतं का. रोगी दुसऱ्या इस्पितळात हलवला तर हाही तिकडे जायचा. घरी गेला तर घरी. वर्षानुवर्षं एकेका रोग्याचा त्यानं असा पाठपुरावा केला. शिकाऊ डॉक्टर त्याची चेष्टा करत. काही बड्या डॉक्टरांना तो आपल्या वॉर्डात आलेला खपत नसे.

त्याचं नाव गियोम ड्यूशेन. तेव्हा पॅरिसमध्ये साधारण याच आडनावाचे दुसरे एक डॉक्टर होते. घोटाळा होऊ नये म्हणून हा आपल्या नावापुढे गावाचं नाव लावू लागला आणि ‘बुलोनचा ड्यूशेन’ म्हणूनच ओळखला गेला.

वाचकांपैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलं नसेल. ज्यांनी ऐकलं आहे त्यांना, ते ऐकण्याची वेळ आली नसती तर बरं झालं असतं, असंच वाटत असणार. कारण आज हे नाव लहान मुलग्यांच्या एका दुर्धर आजाराला चिकटलेलं आहे. ज्या माणसानं आयुष्यभर लुळ्या हातापायांना चालना देण्याची धडपड केली, त्याचं नाव नेमकं त्याला बरा करता न आलेल्या रोगावर राहिलं. मला या माणसाविषयी लिहावंसं वाटलं ते त्यामुळेच.

* * *

ड्यूशेनचा जन्म १७ सप्टेंबर १८०६ चा. बुलोन हे इंग्लिश खाडीवरचं फ्रान्सचं बंदर, आणि घराणं पिढ्यान् पिढ्या दर्यावर्दी. वडील जहाजाचे कप्तान. नेपोलियनच्या काळात सरकारी परवान्यानं शत्रूची जहाजं पकडण्याचं काम त्यांनी केलं आणि त्याबद्दल त्यांना मानाचं पदकही मिळालं. मुलानंही समुद्रावर जावं ही त्यांची इच्छा. मुलाचा ओढा मात्र शास्त्राकडे. तो पॅरिसला गेला, स्टेथोस्कोप शोधणारा लेनेक आणि नामांकित सर्जन द्युपुत्रां यांच्या हाताखाली शिकला, आणि १८३१ मध्ये भाजल्याच्या जखमांवर प्रबंध लिहून डॉक्टर झाला.

त्याच १८३१ साली लंडनमध्ये मायकेल फॅरेडेनं एक शोध लावला. लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं यांच्या हालचालीतून वीज निर्माण करता येते, हे त्यानं दाखवून दिलं. बुलोनला परतून गावात दवाखाना थाटणाऱ्या तरुण डॉक्टरला आपला आणि या बातमीचा पुढे काही संबंध येईल याची कल्पना असायचं कारण नव्हतं.

संसार सुरू झाला आणि दोनच वर्षांत मोडला. पहिल्या मुलाच्या जन्मानंतर बायको बाळंतज्वरानं गेली. बाळंतपणाच्या वेळी जवळ नवराच होता, दुसरं कुणी नव्हतं. सासूनं दोष जावयावर ठेवला. लहान गावात अशी कुजबुज पसरायला वेळ लागत नाही. डॉक्टरनंच बायको घालवली असं लोक बोलू लागले. बाळंतज्वर संसर्गानं होतो हे त्या काळात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, त्यामुळे बचाव तरी काय करणार? मूल आजोळी गेलं. एमिल त्याचं नाव. बाप आणि मुलगा यांच्यात त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं संबंध राहिला नाही.

पुढची काही वर्षं ड्यूशेन तसा खचलेलाच होता. रोगी येत, जात. त्या सुमारास दुखऱ्या भागात सुया टोचून त्यांतून वीज सोडण्याचा एक उपचार फ्रान्समध्ये चालत असे. ड्यूशेननं तो एका रोग्यावर करून पाहिला. दुखणं किती थांबलं हा प्रश्न वेगळा. पण सुईखालचा स्नायू आपोआप आखडतोय, हे त्याच्या नजरेनं टिपलं. बाकीच्यांनीही हे पाहिलं असेलच. हा तिथे थांबून विचार करू लागला, एवढाच फरक.

दुसरं लग्नही टिकलं नाही. १८४२ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, कुणाची शिफारस नसताना तो पुन्हा पॅरिसला आला.

* * *

तेव्हाच्या युरोपात विजेचे उपचार करणाऱ्यांचा सुळसुळाट होता. डोकेदुखीपासून वेडापर्यंत सगळ्यावर वीज. त्यात भोंदूच फार. पेटी घेऊन आलेल्या या अनोळखी डॉक्टरकडेही लोकांनी त्याच नजरेनं पाहिलं, यात नवल नाही.

पण ड्यूशेनची पद्धत निराळी होती. सुया टोचल्या की जखम होते आणि वीज वाटेल तिकडे पसरते. त्यानं सुया टाकून दिल्या. धातूची टोकं ओली करून कातडीवर दाबून धरली, तर कातडीला फारसा त्रास न होता वीज थेट खालच्या स्नायूपर्यंत पोचते, हे त्याच्या ध्यानात आलं. यासाठी त्यानं फॅरेडेच्या तत्त्वावर चालणारी यंत्रं स्वतः तयार केली, त्यांत प्रवाहाचा जोर कमी-जास्त करण्याची सोय ठेवली, आणि या उपचाराला फॅरेडेचंच नाव दिलं. १८४७ मध्ये त्यानं आपलं काम पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलं आणि १८५५ मध्ये त्यावरचा मोठा ग्रंथ काढला.

फॅरेडेचं ते नाव अजून चालू आहे, हे मी अनुभवानं सांगू शकतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर काही महिन्यांतच माझ्या तोंडावरून वारं गेलं. एक डोळा मिटेना, चूळ भरली की पाणी ओघळे. फिजिओथेरपीच्या खोलीत एक तरुण मुलगी रोज माझ्या गालावर ओला पॅड ठेवायची आणि बटण फिरवायची. यंत्रावर लिहिलेलं होतं, फॅरॅडिक. मुंग्या आल्यासारखं व्हायचं आणि माझी भुवई माझ्या हुकमाशिवाय वर जायची. आरशात ते बघताना मला हसू येई, तेही अर्धंच. काका, करंटनं नस बरी होत नाही, ती तिच्या वेळेला होईल, एवढं त्या मुलीनं मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. हा प्रामाणिकपणा मला आवडला. पुढे ड्यूशेनबद्दल वाचताना तो पुन्हा भेटला.

एकेक स्नायू वेगळा चालवता येतो म्हटल्यावर ड्यूशेननं सगळं शरीर पालथं घातलं. तोपर्यंत स्नायूंचं ज्ञान मुख्यतः प्रेताच्या विच्छेदनातून येई. प्रेतात स्नायू कुठून कुठे जातो ते कळतं. तो जिवंतपणी काय करतो याचा अंदाजच बांधावा लागतो. ड्यूशेन जिवंत माणसाच्या कातडीवर विजेचं टोक ठेवायचा आणि काय हलतं ते पाहायचा. मग तोच स्नायू लुळा पडलेला रोगी शोधायचा आणि काय हलत नाही ते पाहायचा. दोन्ही जुळलं तरच लिहायचा. या कामाचा ग्रंथ १८६७ मध्ये आला.

एकच उदाहरण देतो. तळहाताच्या हाडांमध्ये छोटे छोटे स्नायू दडलेले असतात. बोटं मुळाशी वाकवणं आणि त्याच वेळी पुढची दोन पेरं सरळ ठेवणं हे त्यांचं काम. हे ड्यूशेननं दाखवलं. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण पेन धरताना, सुईत दोरा ओवताना, शिवणाचा टाका घालताना बोटं नेमकी अशीच असतात. आमचा कॅशियर नोटांची थप्पी मोजायचा तेव्हाही. हे स्नायू गेले की पंजाचा आकार पक्ष्याच्या नखीसारखा होतो आणि माणसाचा कामधंदा जातो.

विजेचा दुसरा उपयोग रोग ओळखण्यासाठी झाला. हात लुळा पडला तर दोष कुठे? मेंदूत, मज्जारज्जूत, नसेत की खुद्द स्नायूत? बँकेच्या भाषेत सांगायचं तर शाखेत काम अडलं आहे; पण हेड ऑफिसचा हुकूम निघाला नाही, टपाल वाटेत हरवलं, की शाखेतच माणूस नाही? अर्धांगवायूत ड्यूशेनच्या विजेनं हात हलत असे. म्हणजे शाखा शाबूत, बिघाड वर. घरं रंगवणाऱ्या कामगारांचे हात सफेद्यातल्या शिशानं मनगटातून लोंबायला लागत. तिथे वीज लावली तरी स्नायू ढिम्म राहत. आणि शेजारचा एक ठरावीक स्नायू मात्र हटकून शाबूत सापडे. आज आपण नसांच्या तपासण्या करतो त्यांची सुरुवात इथे आहे.

काही रोगी असेही होते की त्यांच्या पायांत भरपूर ताकद होती, पण चालताना पाय भलतीकडेच पडत आणि डोळे मिटले की तोल जाई. हा लुळेपणा नव्हेच, हालचालींचा मेळ बसत नाही हा वेगळा रोग आहे, हे ड्यूशेननं १८५८-५९ मध्ये सविस्तर मांडलं. गुदमरलेल्या माणसाच्या मानेतल्या नसेला वीज देऊन श्वासपटल हलवता येईल, हेही त्यानं लिहून ठेवलं.

* * *

आता मला या माणसाची सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट. वीज हे त्याचं लाडकं अपत्य. अशा वेळी शोधकाला आपला शोध सगळीकडे चालतो असंच वाटायला लागतं. ड्यूशेनला आपल्या उपचाराबद्दल पुष्कळ आशा होती हे खरं. पण जिथे स्नायू कायमचाच गेला आहे तिथे वीज काही करू शकत नाही, हे त्याला त्याच विजेनं शिकवलं. मग त्यानं पेटी बाजूला ठेवली आणि स्प्रिंगा हातात घेतल्या.

त्या काळी लुळ्या अवयवाला लाकूड-लोखंडाच्या पट्ट्यांत जखडून टाकत. अवयव सरळ राही, पण कामाला येत नसे. ड्यूशेनचा विचार सरळ होता. कुठला स्नायू गेला हे मला ठाऊक आहे, तो कुठून कुठे ओढत होता हे ठाऊक आहे. तर त्याच वाटेनं, त्याच दिशेनं ओढणारी स्प्रिंग बसवू. मनगट लोंबणाऱ्यासाठी त्यानं हातमोजा केला. त्याच्या पाठीवर स्प्रिंगा, त्यांना जोडलेले दोरे बोटांपर्यंत. रोग्यानं शाबूत स्नायूंनी मूठ मिटायची. सोडली की स्प्रिंगा बोटं उघडणार. पाऊल लोंबणाऱ्यांसाठी तशीच पादत्राणं केली. आपल्या ग्रंथात त्यानं या उपकरणांची आकृत्यांसह माहिती दिली आहे.

म्हणजे गेलेल्या स्नायूच्या जागी कृत्रिम स्नायू. उरलेली शक्ती वाया न घालवता, जेवढं गेलं तेवढंच भरून काढायचं. अपंगांच्या साधनांमागे आजही हाच विचार आहे.

* * *

पॅरिसनं त्याला हळूहळू स्वीकारलं ते दोन मोठ्या डॉक्टरांमुळे. त्रुसो हे तेव्हाचे गाजलेले चिकित्सक. त्यांनी त्याला आपल्या वॉर्डात मुक्त प्रवेश दिला. दुसरे शार्को, वयानं एकोणीस वर्षांनी लहान, पुढे साल्पेत्रिएर इस्पितळाला जगभर नाव मिळवून देणारे. मज्जाविकारांत ड्यूशेन आपले गुरू, हे शार्को उघडपणे मान्य करत.

साल्पेत्रिएरमध्येच त्याला एक दात पडलेला म्हातारा चांभार भेटला. त्याच्या चेहऱ्याला संवेदनाच नव्हती, त्यामुळे विजेची टोकं लावली तरी त्रास होत नसे. ड्यूशेननं त्याच्या आणि इतर काहींच्या चेहऱ्याचा एकेक स्नायू विजेनं हलवून राग, भीती, दुःख, आनंद यांचे फोटो काढले. फोटोग्राफी तेव्हा नवी. आड्रियाँ तूर्नाशाँ या छायाचित्रकाराची सुरुवातीला मदत होती. १८६२ मध्ये हे पुस्तक निघालं आणि १८७२ मध्ये चार्ल्स डार्विननं भावनांवरच्या आपल्या ग्रंथात त्यातली काही चित्रं घेतली. ओठांचं हसू माणूस ठरवून आणू शकतो; डोळ्यांभोवतीचा स्नायू मात्र खऱ्या आनंदाशिवाय सहसा साथ देत नाही, हे निरीक्षण याच कामातलं. अशा खऱ्या हास्याला मानसशास्त्रात आज ड्यूशेनचं नाव आहे.

आणि त्या मुलग्यांच्या आजाराला. १८६१ मध्ये आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यानं अशा एका मुलाची हकीकत दिली. पोटऱ्या मोठ्या, पहिलवानासारख्या, आणि पायांत बळ नाही. दोष मेंदूत असावा असं तेव्हा त्याला वाटलं. नंतर तो अशी मुलं शोधत राहिला. जिवंत माणसाच्या स्नायूचा कण काढून घेता यावा म्हणून त्यानं एक खास सुई तयार केली आणि तो कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. १८६८ मध्ये तेरा मुलांची माहिती प्रसिद्ध करताना त्यानं मेंदूची कल्पना सोडून दिली. रोग स्नायूतच होता; पोटरी फुगली होती ती ताकदीनं नव्हे. एडवर्ड मेरियन या इंग्रज डॉक्टरनं हा आजार त्याच्या आधी वर्णिला होता. नाव मात्र ड्यूशेनचं राहिलं.

ते मी पहिल्यांदा वाचलं एका फाइलीत. १९९० च्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. तिथल्या एका सहकाऱ्याचा मुलगा पाच-सहा वर्षांचा. चवड्यांवर चालायचा, आणि जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात रोवत रोवत वर यायचा. आळशी आहे म्हणून शाळेत मार खाई. मुंबईला दाखवल्यावर कागद आला. जेवणाच्या सुट्टीत त्या गृहस्थांनी तो माझ्यापुढे ठेवला आणि हे कुणाचं नाव म्हणून विचारलं. तुम्ही लिहिता, तुम्हाला माहीत असेल, असा त्यांचा समज. मला माहीत नव्हतं. औषध नाही, एवढं त्यांना डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

आता त्या आजाराचं कारण कळलं आहे. स्नायूला मजबुती देणारं डिस्ट्रोफिन हे प्रथिन शरीरात तयार होत नाही, हे १९८७ मध्ये सिद्ध झालं. त्याचा जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यानं आजार प्रामुख्यानं मुलग्यांना होतो. मुळासकट बरा करणारा उपाय आजही हाती नाही. पण स्टिरॉइड, श्वसनाची काळजी, व्यायाम आणि योग्य वेळी मिळालेली व्हीलचेअर यांनी ही मुलं पूर्वीपेक्षा अधिक जगतात. आईबापांना आपलं मूल आळशी नाही हे कळणं, हीसुद्धा लहान गोष्ट नव्हे. माझ्या सहकाऱ्यानं त्या दिवसानंतर मुलाला शाळेत स्वतः उचलून नेलं, आणणंही त्यांच्याकडेच असे.

* * *

एमिल परत आला तो १८६० च्या दशकात. तोही डॉक्टर झाला होता. ज्या बापाविषयी लहानपणापासून वाईटच ऐकलं असेल, त्याच्याच शेजारी बसून तो रोगी तपासू लागला. १८६४ मध्ये मुलांच्या लकव्यावर, म्हणजे आपण ज्याला पोलिओ म्हणतो त्यावर, त्यानं प्रबंध लिहिला. तीस वर्षांचा दुरावा कुणी कसा मिटवला, आधी कोण बोललं, याबद्दल कादंबरीकार म्हणून मला फार कुतूहल आहे. पण हे सुख पुरतं दहा वर्षंही टिकलं नाही. १८७०-७१ च्या युद्धानं आणि वेढ्यानं पॅरिस उपाशी पडलं. १८७१ मध्ये एमिल विषमज्वरानं गेला. ड्यूशेन पासष्टीला आलेला. तरी १८७२ मध्ये त्यानं आपल्या ग्रंथाची तिसरी आवृत्ती पुरी केली.

सप्टेंबर १८७५ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावानं त्याचा मृत्यू झाला. ज्या आजारानं लुळे पडलेले शेकडो हात त्यानं तपासले होते, त्यातच तो गेला. चेहऱ्यांचे मूळ फोटो त्यानं पॅरिसच्या कलाशाळेला देऊन टाकले होते. हयातभर त्याला इस्पितळात जागा मिळाली नाही. १८९७ मध्ये साल्पेत्रिएरच्या आवारात त्याचं स्मारक उभं राहिलं.

१९६१ मध्ये व्लादिमिर लिबर्सन या डॉक्टरनं अमेरिकेत एक उपकरण प्रसिद्ध केलं. अर्धांगानंतर पाऊल लोंबणाऱ्या रोग्याच्या बुटात टाचेखाली बटण. टाच उचलली की गुडघ्याजवळच्या नसेला विजेचा झटका, आणि पाऊल वर. ड्यूशेनची वीज आणि ड्यूशेनचा बूट तिथे एकत्र आले असं मला वाटतं. स्प्रिंगांचा हातमोजाही अजून आहे. अपघातात नस दुखावून मनगट पडलेल्या माणसाला आपल्याकडचे तंत्रज्ञ प्लास्टिकची पट्टी, तार आणि रबर वापरून डायनॅमिक स्प्लिंट करून देतात. तो माणूस सकाळी ते हातावर चढवतो, बोटं मिटतो, सोडतो, आणि चहाचा कप उचलतो. त्या साधनावर कुणाचंच नाव नसतं.